रंग सांगा

आयुष्यात मी एकाच माणसापुढे नेमाने मान झुकवली आहे. त्याला इलाज नव्हता. त्यांचे ऑपरेशन थिएटर पूर्वी सरकीचे गोदाम होते, आणि त्याचे दार पाठीवर पोते घेऊन वाकून जाणाऱ्या हमालांच्या मापाचे होते. दवाखाना थाटताना डॉक्टरांनी भिंतींना फरशी बसवली, छत बदलले, दार मात्र तसेच ठेवले. ते स्वतः बुटके होते आणि त्यांचे पेशंट हातावर मावणारे. उंच असा मी एकटाच. माझ्या कपाळावर डाव्या बाजूला एक जुने टेंगूळ आहे, ते त्यांच्या थोरवीची आठवण म्हणून मी बाळगतो.

मी भूलतज्ज्ञ. परभणीत ज्या दवाखान्यात ऑपरेशन असेल तिथे आपली पेटी घेऊन जायचे, पेशंटला झोपवायचे आणि सर्जनचे काम उरकेपर्यंत त्याच्या उशाशी जागत बसायचे, हा माझा धंदा. या धंद्यात सर्जन फार जवळून पाहायला मिळतात. त्यामुळे त्यांच्या भिंतीवरची मानपत्रे वाचताना चेहरा सरळ ठेवण्याचा सराव होतो.

हे डॉक्टर लहान मुलांचे सर्जन होते, आणि त्यातही त्यांचा जीव एकाच रस्त्यावर जडला होता. तो रस्ता तोंडापासून सुरू होतो आणि लंगोटात संपतो. काही बाळांच्या बाबतीत तो जन्मतःच चुकलेला असतो. कुठे अन्ननळी मध्येच संपते, कुठे आतडे आतून बंद असते, कुठे शेवटचे दारच उघडलेले नसते, आणि कुठे सगळा ऐवज शाबूत असतो पण उलटासुलटा बसवलेला. अशी बाळे क्वचित जन्मतात, पण जन्मली की त्यांना थांबायला दम नसतो. समाजात हृदयाच्या डॉक्टरला जो मान आहे तो आतड्याच्या डॉक्टरला नाही. हृदयावर लोक गाणी लिहितात. आतड्यावर कोणी गाणे लिहिले असेल तर ते माझ्या वाचनात आलेले नाही, आणि मी बरेच वाचतो. डॉक्टरांना याचे दुःख नव्हते. त्यांच्या मते हृदय म्हणजे एक मोटार होती, आणि मोटारी दुरुस्त करणारे परभणीत पुष्कळ होते.

फोन उचलल्यावर ते हॅलो म्हणत नसत. "रंग सांगा," म्हणत.

यामागे साधा हिशेब होता. नुकत्या जन्मलेल्या बाळाने पांढरी उलटी केली तर ते दूध असते. पिवळसर असेल तर लक्ष ठेवावे. हिरवी असेल तर ते पित्त, आणि पित्त वर येते आहे याचा अर्थ खालची वाट बंद आहे. हिरवी उलटी म्हणजे कडब्याची पेटलेली गंजी, असे ते म्हणत. आधी पळा, चौकशी मागाहून. म्हणून फोन कोणाचाही असो, पहिला प्रश्न तोच. एकदा एका बँकेतल्या मुलीने त्यांना क्रेडिट कार्ड विकायला फोन केला. "रंग सांगा" ऐकून ती बिचारी गडबडली आणि म्हणाली, "सर, सोनेरी." "मग थांबायला हरकत नाही," असे सांगून डॉक्टरांनी फोन ठेवला आणि जेवायला बसले.

पण हिरवा हा काही एक रंग नाही. पोपटी आहे, मेंदी आहे, शेवाळी आहे, मुगाच्या सालीचा आहे. बोरीच्या नर्सबाई ज्याला जरासे हिरवट म्हणत ते पालमच्या एखाद्या आजीच्या लेखी पिवळेधमक असे. फोनवरून निम्मा वेळ रंगाच्या वादात जाई. तेव्हा एका रविवारी डॉक्टर सेलूला गेले आणि बाजारातल्या एका साडीच्या दुकानात गादीवर मांडी घालून बसले. त्यांनी पांढऱ्यापासून पिवळ्यापर्यंत आणि पिवळ्यापासून गडद हिरव्यापर्यंत ब्लाउजपिसाचे जेवढे रंग असतील तेवढे काढायला सांगितले. दुकानदाराने आदबीने विचारले, मॅचिंगला वहिनीसाहेबांची साडी आणली आहे का. डॉक्टर म्हणाले, साडी नाही, उलटीला मॅचिंग बघायचंय. दुकानदाराने तेवढ्याच आदबीने भारी माल त्यांच्यापासून दूर सरकवला.

त्या कापडांच्या बोटभर चिंध्या करून, पांढरी वर आणि गडद हिरवी खाली अशा क्रमाने त्यांनी जुडगे शिवून घेतले. खालच्या तीन चिंध्यांना गाठ मारलेली. गाठीच्या चिंधीवर बोट पडले की विचारायचे नाही, मिळेल त्या गाडीने परभणी गाठायची. हे जुडगे त्यांनी आरोग्य केंद्रांत वाटले, आशाताईंना दिले, सुइणींना दिले, आणि खेड्यांतली बाळे शेवटी एसटीनेच येतात म्हणून ओळखीच्या कंडक्टरांनाही दिले. त्यांच्या पत्नी म्हणत, लग्नाला इतकी वर्षं झाली, हे कापडाच्या दुकानात स्वतःच्या पायांनी गेले ते एकदाच, आणि आणलं काय तर चिंध्या.

शहरातल्या डॉक्टरांच्या बैठकीत त्यांनी तो जुडगा दाखवला तेव्हा आमचे अध्यक्ष बराच वेळ हसले. अध्यक्ष म्हणजे गावातले सर्वांत जुने बालरोगतज्ज्ञ. त्यांच्या पाटीवर पदव्या एवढ्या की ती पाटी इमारतीच्या कोपऱ्यावरून वळून गल्लीत शिरली होती. विज्ञानाच्या या युगात चिंध्यांवर निदान करणारे शहर म्हणून परभणीचे नाव होईल, असे ते म्हणाले. सगळे हसले. डॉक्टरही हसले आणि श्रीखंड संपायच्या आत ताट घ्यायला गेले.

डॉक्टर आणि अध्यक्ष यांचे बोलणे बंद झाले ते मात्र यावरून नव्हे. अध्यक्षांच्या नातवाचे बारसे होते. कार्यालय फुलांनी भरलेले, पाळणा चांदीचा. डॉक्टर आले, त्यांनी पाळण्यातून बाळ उचलले, पालथे केले, झबले वर सारले आणि खाली वाकून नीट पाहिले. गाणे म्हणणाऱ्या बायका मधल्याच ओळीवर थांबल्या. "सगळं जागेवर आहे," असे जाहीर करून डॉक्टरांनी बाळ परत ठेवले आणि पंगतीत जाऊन बसले. हे ते प्रत्येक बारशाला करत. शेवटचे दार बंद असलेले बाळ दोन-दोन दिवस कोणाच्या लक्षात येत नाही, कारण बाळाचे तोंड पाहायला सगळे येतात, दुसरी बाजू पाहायला कोणी येत नाही, हे त्यांचे म्हणणे. म्हणणे बरोबर होते. जागा चांदीच्या पाळण्याची होती, एवढेच.

सेलूच्या गणपतीची गोष्ट तर अजून सांगतात. तिथल्या एका शाळेने गणेशोत्सवात सजीव देखावा केला होता. गणपती म्हणून बसवलेला मुलगा पहिली-दुसरीतला होता, आणि त्याचे पोट इतके हुबेहूब होते की कापूस भरायची गरज पडली नव्हती. शिक्षक त्याचे कौतुक करत होते. डॉक्टर प्रमुख पाहुणे. आरती सुरू झाली तसे त्यांचे लक्ष मूर्तीवर खिळले. भाविकाचे खिळते तसे नव्हे. पोट घागरीसारखे आणि हातपाय काड्यांसारखे. दुसऱ्या कडव्याला ते स्टेजवर चढले आणि गणपतीच्या पोटावर दोन बोटांनी टकटक करून कान लावला. ढोलासारखा आवाज आला. मग त्यांनी देवाच्या सोंडेखाली तोंड नेऊन विचारले, शी कितव्या दिवशी होते रे? देव म्हणाला, आठव्या. कधी दहाव्या.

त्या मुलाच्या आतड्याच्या शेवटच्या वीतभर तुकड्यात जन्मापासून मज्जातंतूच नव्हते. तो तुकडा मेल्यासारखा आवळून बसलेला, आणि त्याच्या मागे सगळे साचलेले. आईने एरंडेल पाजून पाजून इतकी वर्षे काढली होती. डॉक्टरांनी तुकडा काढला, वरचे चांगले आतडे खाली ओढून जोडले. भूल मी दिली. शुद्धीवर आल्यावर मुलाने पहिल्यांदा विचारले की मोदक कुठे आहेत. पुढच्या वर्षी तो देखाव्यात उंदीर झाला. शाळेला नवा गणपती मिळेना, शेवटी कापूस आणावा लागला. मुख्याध्यापक डॉक्टरांशी बोलताना थोडे तुटक असत ते तेव्हापासून.

सत्कार त्यांचे बरेच होत आणि एकालाही ते नाही म्हणत नसत. मला हे खटके. एवढा सरळ माणूस शाली कशाला गोळा करतो, असे मला वाटे. पुढे कळले की नवजात बाळे थंडीने गारठून दगावतात, आणि सत्काराच्या शालीइतकी उबदार, फुकट आणि कोणी परत न मागणारी वस्तू दुसरी नाही. त्यांच्या दवाखान्यातून घरी जाणारे प्रत्येक बाळ कोणत्या ना कोणत्या आमदाराच्या हस्ते अर्पण केलेल्या शालीत गुंडाळलेले असे. नारळ सिस्टर घरी नेत.

हे सगळे सांगितले ते अशासाठी की अशा माणसाच्या हातात आपले पोर कोण देईल, हा प्रश्न वाचणाऱ्याला पडावा. तो एका म्हातारीलाही पडला होता.

मे महिना होता, दुपारची वेळ. पालमच्या पुढच्या एका वाडीवरचे धनगराचे कुटुंब होते. नवरा-बायको आणि नवऱ्याची आई. आदल्या दिवशी बाळाची पाचवी झालेली. पाचवीला आजीने रीतीप्रमाणे गुटी उगाळून पाजली होती. सकाळी बाळाने उलटी केली, ती हिरवी. एसटीने ते परभणीला आले. बसस्थानकावरून जी पाटी दिसते ती अध्यक्षांची, म्हणून तिकडे गेले. अध्यक्षांनी बाळ तपासले, एक्स-रे काढला. एक्स-रेत विशेष काही नव्हते, या दुखण्यात सुरुवातीला नसतेच. आजीने सांगितले, गुटी उलटली. अध्यक्षांनाही ते पटले. गुटी बंद करा म्हणून त्यांनी समज दिली, थेंब लिहून दिले आणि घरी पाठवले.

परतीच्या गाडीत बाळाने पुन्हा उलटी केली. कंडक्टर तिकिटे फाडत तिथवर आला होता. त्याने उलटी पुसलेला लंगोट पाहिला, पिशवीतून चिंध्यांचा जुडगा काढला, रंग लावून पाहिला आणि घंटी ओढून त्यांना गाडीतून उतरवले. रिक्षावाल्याला पत्ताही त्यानेच सांगितला.

मी तेव्हा एका हर्नियाची भूल उतरवून चहा पीत होतो. डॉक्टरांनी बाळाच्या पोटावरून हात फिरवला आणि जुडगा आईच्या हातात दिला. तिने अजिबात विचार न करता खालून दुसरी चिंधी धरली. गाठीची.

आजीने ती तिच्या बोटांतून सोडवली. "तिला काय कळायलंय. गुटी हाय ती. मी पाजलीय, मला ठावं."

"काय काय घातलं होतं, आजी?"

"समदंच. हळकुंड, वेखंड, हिरडा, मुरडशेंग. माझी चार लेकरं त्याच्यावरच वाढली. ह्यो बी त्यातलाच." ह्यो म्हणजे बाळाचा बाप. तो भिंतीला टेकून उभा होता.

"मग उगाळा," डॉक्टर म्हणाले. "मला बघायचीय."

सहाण आणि गुटीची पुरचुंडी आजीच्या पिशवीतच होती. ती तपासणीच्या टेबलापाशी जमिनीवर बसली आणि एकेका जिन्नसाचे वेढे देऊ लागली. डॉक्टर तिच्यासमोर उकिडवे बसून पाहत राहिले. बाहेर पेशंट खोळंबले होते. उगाळून झाल्यावर डॉक्टरांनी त्यात पांढरी पट्टी बुडवली आणि खिडकीच्या कट्ट्यावर उन्हात टाकली. परभणीच्या मे महिन्यात पट्टी वाळायला वेळ लागत नाही. शेजारी बाळाचा लंगोट ठेवला. पट्टी हळदीने पिवळी झाली होती. लंगोट शेवाळासारखा होता.

आजीने दोन्ही पाहिले. ती म्हातारी होती, आंधळी नव्हती.

मग डॉक्टरांनी नाकातून बारीक नळी घालून बाळाच्या पोटात एक औषध सोडले. हे औषध एक्स-रेत पांढरे उमटते, त्यामुळे आतड्याची वाट दिसते. नीट असेल ती वाट डावीकडे वळून जाते. ही वाट डावीकडे गेलीच नव्हती. ती उजव्या बाजूलाच पीळ घेत घेत खाली उतरत होती. आमच्या पाठ्यपुस्तकांत या आकाराला बाटलीचे बूच काढायच्या मळसूत्राची उपमा दिली आहे. ते हत्यार परभणीत कोणाच्या घरी असते हे मला माहीत नाही. डॉक्टरांनी आजीच्या पुरचुंडीतली मुरडशेंग उचलली आणि खिडकीच्या उजेडात फिल्मच्या शेजारी धरली. दोरीला पीळ घालावा तशी ती वाळकी शेंग, आणि शेजारी बाळाचे आतडे. फरक फक्त मापाचा होता.

मुरडा आला की मुरडशेंग द्यायची, हे घरोघरी ठाऊक आहे. या बाळाच्या पोटात शेंगच होऊन बसली होती.

डॉक्टरांनी त्यांना समजावले. जन्माआधी सगळ्यांचीच आतडी एक गिरकी घेऊन जागेवर बसतात आणि मागे पसरून चिकटतात. या बाळाची अर्ध्यातच थांबली. सगळे आतडे एका बारीक देठावर लोंबकळत राहिले, आणि आता त्या देठाभोवती फिरून त्याला पीळ पडला. रक्त त्याच देठातून जाते. पीळ उलगडला नाही तर आतडे मरेल आणि बाळही. बापाने विचारले, नांदेडला न्यावं का, का संभाजीनगरला. डॉक्टर म्हणाले, गाडी पोचेल, लेकरू पोचायचं नाही. बाप आपल्या आईकडे पाहू लागला. त्या घरात निर्णय कोणाच्या हातात होता हे उघड होते.

आजीने बाळ छातीशी धरले होते. "पाचवी झाली न झाली तं लेकराचं पोट फाडायचं म्हणायलाव तुमी. त्या मोठ्या पाटीवाल्यानं बरं हाय म्हून सांगितलं. अन मेलं मंजी?"

इथे दुसरा सर्जन काहीतरी धीराचे बोलला असता. डॉक्टरांनी मुरडशेंग तिच्या हातात दिली.

"आजी, ही सरळ करून द्या."

"वाळलीय ती. मोडल."

"अन ओली असती मंजी?"

"ओली झाली असती सरळ."

"लेकराचं आतडं अजून ओलं हाय. सांजच्याला वाळल. मग मला बी सरळ करता यायचं न्हाई."

म्हातारी शेंगेकडे पाहत राहिली. मग तिने बाळ मांडीवर घेतले आणि त्याच्या कमरेचा काळा करदोडा स्वतःच्या हाताने सोडला. संमतीच्या कागदावर अंगठा तिने पुढे कधीतरी दिला असेल, पण संमती ती होती. बाळ डॉक्टरांच्या हातात देताना ती म्हणाली, "घ्या. पन सरळ करूनच द्या."

मी मान झुकवून आत गेलो.

बाळाला थंडी बाधू नये म्हणून डॉक्टर थिएटरातला एसी बंद ठेवत. परभणीचा मे महिना ही निसर्गाने नवजात बाळांसाठी केलेली सोय आहे, असे त्यांचे मत होते. मोठ्यांसाठी काय केले आहे हे त्यांनी सांगितले नाही. एवढ्याशा जिवाला भूल देताना माझे हात आजही गार पडतात, आणि त्या खोलीत माझ्या अंगातली तेवढीच जागा गार होती. बाळ झोपले. डॉक्टरांनी पोट उघडले आणि आतडे बाहेर आले. मी उशाशी बसल्या जागेवरून पाहिले. ते वांग्याच्या रंगाचे होते.

डॉक्टरांनी आतड्याचा तो सगळा झुबका दोन्ही हातांत धरला आणि घड्याळाच्या उलट्या दिशेने फिरवला. एक वेढा सुटला. दुसरा सुटला. तिसरा जरा अडला आणि मग सुटला. सिस्टरांनी कोमट पाण्यात भिजवलेल्या पट्ट्या दिल्या, डॉक्टरांनी आतडे त्यांत झाकले. आता वाट पाहणे. रक्त परत येते की नाही हे सर्जनच्या हातात नसते. आले नाही तर एवढे सगळे आतडे काढून उपयोग नाही, त्याच्यावाचून बाळ जगत नाही. तसे झाले तर पोट पुन्हा शिवायचे आणि बाहेर जाऊन म्हातारीला सांगायचे.

डॉक्टर भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. मला म्हणाले, "काय पंडित, सध्या काय वाचताय?"

मी एक जाडी कादंबरी वाचत होतो, तिची गोष्ट सांगू लागलो. ते भलत्याच ठिकाणी "हं" म्हणत होते. एका पात्राच्या मृत्यूला त्यांनी "वा" म्हटले. माझे डोळे मॉनिटरवर होते आणि तोंड कादंबरीत. सिस्टर पट्ट्या बदलत होत्या. त्यांच्या कपाळावरून घाम ओघळत होता, पण निर्जंतुक हाताने तो पुसता येत नाही.

मग डॉक्टर भिंतीकडेच पाहत म्हणाले, "सिस्टर, रंग सांगा."

इतक्या वर्षांत ज्याने साऱ्या जिल्ह्याला रंग विचारला त्याला स्वतःला वळून पाहायचे धैर्य होत नव्हते. मी त्यांच्या जागी असतो तर मीही पाहिले नसते.

सिस्टरांनी पट्टी उचलली. "सर, गुलाबी."

"कुठपर्यंत?"

"सगळीकडं, सर. बोटभर तेवढं अजून काळपट हाय." थोडे थांबून त्या म्हणाल्या, "ते बी बदलायलंय."

डॉक्टर वळले. आतडे खरोखर गुलाबी होते, आणि त्यातून एक लाट हळूच सरकत गेली. सापाने अंग सोडवावे तशी. मी थिएटरात पुष्कळ काही पाहिले आहे, पण त्याहून देखणे काही पाहिलेले नाही, आणि यात माझी उपमा कमी पडते याची मला कल्पना आहे. डॉक्टर लगेच सगळ्यांवर खेकसायला लागले. कात्री बोथट आहे, दिवा वाकडा आहे, पंडितांनी कादंबरीचा शेवट का नाही सांगितला. त्यांना अत्यानंद झाला की ते असेच करत. खेकसता खेकसता त्यांनी आतड्याला आवळणारे पट्टे कापले, तो बारीक देठ मोकळा करून रुंद केला, लहान आतडे उजवीकडे आणि मोठे डावीकडे ठेवले, की पुन्हा पीळ पडू नये. अपेंडिक्स काढून टाकले. ते आता भलत्याच बाजूला गेले असते, आणि पुढे कधी दुखले तर एखाद्या पदवीवाल्याला सापडले नसते.

बाहेर येऊन त्यांनी आजीला एवढेच सांगितले, "झालं सरळ." तिने मान हलवली, पदराने चेहरा पुसला आणि मुलाला म्हणाली, "उभा काय राह्यलायस, च्या आण समद्याला."

पुढचे काही दिवस तो सगळा वॉर्ड एकाच गोष्टीची वाट पाहत होता. आतडे उलगडले, पण चालते की नाही हे शी झाल्याशिवाय कळत नाही. शेजारच्या खाटांवरच्या बायका येता-जाता चौकशी करत. झाडूवाली विचारी. औषधाच्या दुकानातला माणूस फोन करी. एका सकाळी आजी लंगोट दोन्ही हातांवर धरून, देवाचे ताट धरावे तशी, डॉक्टरांच्या खोलीत आली. आत तेव्हा औषध कंपनीचे दोन प्रतिनिधी टाय लावून बसले होते. डॉक्टरांनी उठून तो लंगोट घेतला, खिडकीपाशी नेऊन पाहिला आणि प्रतिनिधींना म्हणाले, बघा, याला म्हणतात काम. पाहायला तेही उठले. त्यांना दुसरा मार्ग नव्हता.

अध्यक्षही आले. चालत आले, एकटे, आणि बाळाच्या पाळण्याशी बराच वेळ उभे राहिले. ते मोठ्या पाटीचे होते, वाईट माणूस नव्हते. जाताना त्यांनी डॉक्टरांना हळूच विचारले, "तो तुमचा जुडगा एखादा जास्तीचा आहे का? आमच्या काउंटरला ठेवतो म्हणतो." डॉक्टरांनी त्यांना दोन दिले. त्यानंतर अध्यक्षांकडून येणाऱ्या प्रत्येक बाळाच्या चिठ्ठीवर पहिली ओळ रंगाची असे. आणि तशी बाळे आली. बोरीहून एक, सेलूहून एक, मग आणखी. दरवेळी आधी रंग आला आणि मागून बाळ, आणि मी दरवेळी त्या दारातून वाकून आत गेलो. सगळी वाचली असे मी म्हणत नाही, पण परभणीत हिरवी उलटी गुटीच्या नावावर खपायची बंद झाली. आमच्याकडे क्रांती साधारण एवढ्याच आकाराची होते.

डॉक्टरांनी आता दवाखाना बंद केला आहे. ते पुण्याला मुलीकडे असतात आणि तिथल्या सोसायटीतली बारशी आता त्यांच्यापासून सुरक्षित नाहीत.

त्या बाळाच्या बारशाला मात्र आम्ही दोघेही गेलो होतो. वाडीच्या तोंडाशी अभिनंदनाचा मोठा फ्लेक्स लावला होता. त्यावर डॉक्टरांचा फोटो होता, माझा होता, आणि वर्गणी दिल्यामुळे अध्यक्षांचा आम्हा दोघांहून मोठा होता. आजीने आधीच जाहीर केले होते की नातवाला नाव द्यायचे ते डॉक्टरांचेच. पण गावच्या जोशीबुवांनी पत्रिका पाहिली आणि अक्षर म काढले. डॉक्टरांच्या नावाचा म शी काही संबंध नव्हता. म्हातारीने जोशीबुवांशी पुष्कळ हुज्जत घातली, ग्रहांनाही बोल लावला, शेवटी तडजोड झाली. मुलाचे नाव मल्हारी ठेवले, आणि बोललेला शब्द फुकट जाऊ नये म्हणून डॉक्टरांचे नाव त्याच आठवड्यात जन्मलेल्या एका बोकडाला दिले. ते नाव मी इथे लिहीत नाही. बोकडाची हरकत नसावी, पण विचारलेले बरे.

मल्हारी आता शाळेत जातो, झाडावर चढतो आणि पोटावरची आडवी रेघ मागेल त्याला दाखवतो. बोकड जत्रेसाठी राखला होता, पण ऐन वेळी त्या नावाच्या जनावरावर सुरी धरायला घरात कोणी तयार होईना. तो म्हातारा झाला आहे. बारशाचा फ्लेक्स त्यांनी पुढे मेंढवाड्याला आडोसा म्हणून बांधला होता. तो बोकडाने खालून खात खात अध्यक्षांच्या छातीपर्यंत संपवला. पचनाचा त्याला काहीही त्रास झालेला नाही.